कुंकवाची जागा

प्रिय मनवा आणि ईशान,

परवा फोनवर मनवा रडकुंडीला येऊन सांगत होती. विद्यापीठाने तिला ज्या कंपनीत शिकायला पाठवलं आहे, तिथे पहिल्या आठवड्यात तिने फक्त टेबलं पुसली आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं. "यासाठी का मी इतकं शिकले, आजी?" मागे ईशान हसत होता. मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मी मुद्दा सोडून भलतीकडे जाते आणि तेवढ्यात तुमची बाहेर पडायची वेळ होते. कागदावर मी शिस्तीत असते. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे त्याला इंग्रजीत बसवून बघितलं तर तो अगदीच दुसरा कोणी वाटायला लागला. अडलं तर आईला विचारा.

तुम्हाला ठाऊक आहे, मी बारामतीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवत असे. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, ऊसवाल्यांची, डाळिंबवाल्यांची. पंप, ट्रॅक्टर, मोटर यांच्याशी त्यांची लहानपणापासूनची ओळख, इंग्रजीशी नाही. त्यांना बोलतं करणं हे माझं काम. त्याच कॉलेजात यांत्रिकी विभागात सर होते, आणि मुलांना गप्प करणं हे आपलं काम आहे असं त्यांचं ठाम मत होतं. आमची गाठ पडली ती या भांडणातून.

सरांचं नाव लिहीत नाही. दारावर नावाची पाटीसुद्धा त्यांनी लावू दिली नव्हती. पाटीच्या जागी खडूने लिहिलेलं असे, 'आत या. येताना अडचण आणा.' ते मूळचे वडगाव निंबाळकरचे. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावची बोली. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. कॉलेजात चपला घालून येत आणि लग्नाला मात्र कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट घालून जात. "लग्नात पंगतीला उठताना किती जण पायावर पाय देत्यात, बाई! कारखान्यापरीस धोका तितं जास्त."

मला ते 'बाई' म्हणत. बाकीच्या सगळ्या प्राध्यापिका 'मॅडम'. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्या लेक्चर देत्यात. तुमी शिकवता." यावर खूश व्हावं की मॅडम लोकांच्या वतीने रागवावं हे मला ठरवता आलं नाही. खूश झाले.

मोपेडवर ते कारखान्यातलं पिवळं प्लास्टिकचं हेल्मेट घालून फिरत. भिगवणला एकदा पोलिसाने अडवलं. मी मागे बसले होते, कारण आमची बस चुकली होती आणि एका कंपनीत वेळेवर पोचायचं होतं.

"सर, हे हेल्मेट मोपेडचं न्हाय."

"मग कशाचं हाय?"

"कारखान्यातलं हाय."

"तितं वरनं लोखंड पडलं तरी हे टिकतं. हितं वरनं काय पडणार हाय, सांगा बरं?"

पोलिसाने खरोखर वर आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बहुधा माझी दया आली असावी, आणि आम्हाला सोडून दिलं. पुढे हॉटेलात सरांनी चिलापी माशाचं ताट मागवलं, मी पिठलं-भाकरी. ताट यायच्या आधी सर उठून आत गेले आणि मालकाला त्याचा फ्रीजर बर्फ का धरतो याची चौकशी करायला लागले. दारावरचं रबर फाटलं होतं. पुढच्या आठवड्यात आमची दोन मुलं तिथे नवं रबर बसवत होती आणि मालक त्यांना मासे खाऊ घालत होता. सरांच्या दृष्टीने कॉलेज आणि उद्योग यांचं सहकार्य म्हणजे हेच होतं. प्राचार्यांच्या दृष्टीने ते दुसरंच काहीतरी होतं.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक लांब भिंत होती. तिच्यावर निरनिराळ्या कंपन्यांशी केलेले सामंजस्य करार काचेच्या चौकटीत टांगलेले. प्रत्येकाशेजारी फोटो, त्यात शाल, नारळ, हसरे चेहरे. करार झाला की पाहुणे जेवून जात, आणि मुलांना ती कंपनी पुन्हा दिसायची ती थेट टीव्हीवरच्या जाहिरातीत. नवीन माणूस आला की सर त्याला त्या भिंतीपुढे उभं करत.

"हे बघा आमचे साखरपुडे. लगीन अजून एकाचंबी न्हाय."

हे इतक्यांदा झालं की शेवटी प्राचार्यांनी वैतागून उद्योग-संपर्क कक्ष सरांच्याच गळ्यात घातला. करारांचं इंग्रजी तपासायला मला जोडून दिलं. सरांनी पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम काढला. करार करायचा असेल तर आधी बघायचा कार्यक्रम. कंपनीच्या मालकाने कॉलेजात येऊन शेवटच्या बाकावर बसून एक अख्खा तास ऐकायचा, आणि मग मुलांच्या मेसमध्ये जेवायचं. आमच्यातल्या एकाने कंपनीत जाऊन पूर्ण पाळी उभं राहायचं. दोघांनी एकमेकांना बघितलं, आवडलं, तर सही. नाहीतर चहा पिऊन निरोप.

"सर, मोठी माणसं शेवटच्या बाकावर कशी बसतील?" प्राचार्य म्हणाले.

"का? गुडघे दुखत्यात का त्यांचे? मग पहिल्या बाकावर बसवू."

काही आले, काही रागावून गेले. आले त्यातला एक बियाण्यांचा व्यापारी माझ्या वर्गात झोपला. त्याच्याशीही करार झाला. सर म्हणाले, झोप लागली म्हणजे घरच्यासारखं वाटलं.

इतर कॉलेजांत दर्शनी कपाटात ढाली आणि चषक असतात, तशा आमच्या यांत्रिकी विभागात एका काचेच्या कपाटात मोडकी सामानं होती. तुटलेली साखळी, जळालेली मोटर, चिरलेला पंपाचा पंखा. सर त्याला दवाखाना म्हणत. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर ती का मोडली हे शोधून काढणाऱ्या मुलाचं नाव. त्या कपाटात नाव लागावं म्हणून मुलं जीव टाकत. बक्षीस समारंभात मिळालेले चषक त्यांच्या खोल्यांत चहाच्या कपांचं काम करत.

आता मनवा, तुझ्या टेबलं पुसण्याबद्दल. शेवटच्या सत्रात मुलं कंपनीत जात तेव्हा पहिला आठवडा त्यांना सल्ला द्यायची बंदी असे. झाडायचं, उचलायचं, पुसायचं, ऐकायचं. 'सर, हे असं करा ना' असं कुणी कंपनीत म्हणाल्याचं कळलं, तर त्याचा आठवडा पुन्हा पहिल्यापासून. मी चिडले. वर्षभर खपून मी मुलांच्या तोंडून चार वाक्यं काढायची आणि यांनी कुलूप लावायचं! मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेले. येताना अडचण आणली होतीच.

"बाई, बसा. तुमी डॉक्टरकडं गेला, आणि तुमी तोंड उघडायच्या आधीच त्यानं गोळी दिली. घ्याल?"

"नाही."

"मग आमची पोरं तरी का देत्यात?"

"पण ऐकलेलं सांगायला भाषा नको का?"

सरांनी स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवला. "हवी की. आठवडा संपला की तुमच्याकडं धाडतो."

तसा आमचा तह झाला. आठवडाभर गप्प बसून मुलं माझ्याकडे येत. काय पाहिलं ते आधी कामगाराला कळेल असं मराठीत सांगायचं, मग मॅनेजरला कळेल असं इंग्रजीत. इतकं चांगलं इंग्रजी माझ्या मुलांनी परीक्षेत कधी लिहिलं नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, एवढाच फरक. नोकरीच्या मुलाखतीची तालीम घ्यायलाही सर कंपनीचे साहेब होऊन बसत आणि पहिला प्रश्न टाकत, "आमच्या कंपनीत चहा कोण करतं?" ज्याने त्या कंपनीची नुसती वेबसाइट वाचलेली असे तो तिथेच पडे.

आता मुख्य गोष्ट. ईशान, तूही नीट वाच, यात तुझी आवडती डाळिंबं आहेत.

इंदापूर तालुक्यात एक मोठे डाळिंब बागायतदार होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचं स्वतःचं पॅकहाऊस होतं. म्हणजे आसपासच्या बागांतली फळं आणून, निवडून, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी प्रतवारी करून पेट्या भरायची मोठी शेड. आमची पाच मुलं तिथे गेली होती. त्यात सणसरची वैशाली ही एकटी मुलगी. गप्प बसायच्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की सकाळी एक नंबरात गेलेल्या फळासारखंच फळ संध्याकाळी दोन नंबरात जातं, कारण शेडमधला उजेड बदलतो. त्यावरून बागायतदार आणि निवडणारे यांची रोज भांडणं. मग मुलांनी यंत्र करायचं ठरवलं. पट्ट्यावरून फळ जाणार, वरून कॅमेरा त्याचा रंग बघणार, आणि फळ आपापल्या नंबरच्या पेटीत पडणार. वैशालीने कॅमेऱ्याला रंग ओळखायला शिकवलं. सणावाराची सुट्टीसुद्धा तिने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये डाळिंबांच्या ढिगाशेजारी काढली.

तात्यांना यंत्र पसंत पडलं तर ते करारावर सही करणार होते. मग दरवर्षी आमची मुलं शेवटचं सत्र त्यांच्याकडे काढणार, आणि यंत्रं सुधारत राहणार. एवढंच असतं तर ठीक होतं. पण संस्थेच्या मंडळींनी प्राचार्यांना बजावलं होतं की वर्षभरात एकही मोठा करार झाला नाही, या वेळीही सही झाली नाही तर हा कक्ष बंद. म्हणजे मुलांचं शेवटचं सत्र पुन्हा वर्गात, आणि भिंतीवर पुन्हा साखरपुडे. म्हणून प्राचार्यांनी तात्यांना शेवटच्या बाकाचा नियम माफ करून टाकला. तात्यांना वेळ नव्हता म्हणे. सर दोन दिवस प्राचार्यांच्या केबिनकडे फिरकले नाहीत.

समारंभ पॅकहाऊसमध्येच होता. मांडव, खुर्च्या, बागायतदार मंडळी. आमचे प्राचार्य कोट घालून. वैशालीला, ती एकटीच मुलगी म्हणून, दारात ताट घेऊन पाहुण्यांना कुंकू लावायला उभं केलं होतं. जिला यंत्राचा खिळा न् खिळा माहीत, ती दारात. मी हे सरांच्या कानावर घातलं, पण तेवढ्यात पूजा सुरू झाली.

आपल्याकडे नवं यंत्र पूजेशिवाय सुरू करत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबांनी पहिली गाडी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबं ठेवलेली तुम्ही बघितलीत. पूजेचा मान तात्यांच्या पत्नीचा. त्यांना सगळे काकी म्हणत. काकींनी नारळ फोडवून घेतला, दोन्ही भकलं यंत्रापुढे ठेवली, हार घातला, आणि हळद-कुंकवासाठी यंत्राचं कपाळ शोधायला लागल्या. सगळीकडे पत्रे आणि नट. मुलांनी त्यांना नीट दिसावं म्हणून वरचं झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध एक गोल, स्वच्छ, चकाकणारी काच होती. याहून चांगलं कपाळ कुठलं? काकींनी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि काचेवर टिळा लावला. टाळ्या झाल्या. त्या गडबडीत मुलांनी न बघताच झाकण मिटलं. ती काच कॅमेऱ्याची होती.

बटण दाबलं. डाळिंबांची पहिली पाटी पट्ट्यावर ओतली. सगळी फळं एक नंबरात. दुसरी पाटी. सगळी एक नंबरात.

"बघा!" तात्या उठून उभे राहिले. "माझ्या बागंत दोन नंबर पिकतच न्हाय, हे मी कवापासनं सांगतोय!"

बागायतदारांना तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. एक जण म्हणाला, "तात्या, आजपासनं निवड ह्याच्याकडनंच करून घ्या. तुमची माणसं लई खोड काढत्यात." दुसरा म्हणाला, "माझीबी टाका की चार पाट्या. घरनं आत्ता आणतो." प्राचार्य भाषणाला उभे राहिले. मी तात्यांपुढे करार ठेवला, त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

एवढ्यात वैशाली ताट घेऊन आत आली. तिने पट्ट्याकडे एकदाच बघितलं आणि सरांजवळ गेली.

"सर, ते हिरवट फळसुदिक एक नंबरात गेलं."

"बघितलं मी," सर म्हणाले.

प्राचार्यांनी भाषण करता करता ऐकलं. हसरा चेहरा न हलवता ते सरांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होते. "सर, सही होऊ द्या. दोन मिनिटं. मग काय ते दुरुस्त करा."

खरं सांगते, मलाही ते पटलं. सही झाली असती, संध्याकाळी मुलांनी काच पुसली असती, कुणाला कळलंही नसतं. सरांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढला, पुन्हा ठेवला. मग पुढे होऊन यंत्रापुढचं नारळाचं एक भकल उचललं आणि करवंटी वर करून पट्ट्यावर ठेवलं.

नारळ डुलत डुलत आत गेला, बाहेर आला, आणि एक नंबरच्या पेटीत डाळिंबांवर जाऊन बसला.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तात्या, तुमच्या बागंत नारळबी एक नंबर!" आणि मांडव हसून कोसळला. तात्या हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तात्या," सर म्हणाले, "यंत्र आज चुकतंय. का चुकतंय ते आधी बघू. सही पळून जात न्हाय."

वैशालीने झाकण उचललं. काचेवर काकींचा लालभडक टिळा. यंत्राला पूजेपासून सगळं जग लाल दिसत होतं. वैशालीने ओढणीचं टोक पुढे केलं आणि तिचा हात मध्येच थांबला. सगळेच थांबले. घरच्या लक्ष्मीने नव्या यंत्राला लावलेलं कुंकू, भर मांडवात, तिच्या देखत पुसायचं कुणी? काकींचा चेहरा पडला होता. तात्यांच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी पुटपुटला, "अपशकुन हाय ह्यो."

सर काकींकडे वळले. इतका वेळ ते कुणाकडे बघून बोलत नव्हते, आता अगदी मायेने बोलले. "काकी, चूक आमची हाय. त्याला डोळा दिला, कपाळ द्यायचं राहिलं. आता तुमीच सांगा, काय करायचं?"

काकी उठल्या. यंत्राभोवती एक फेरी मारली. मग वैशालीला म्हणाल्या, "कुंकू पुसायचं कशाला, पोरी? सरकवायचं." त्यांनी काचेवरचं कुंकू स्वतःच्या बोटावर घेतलं आणि यंत्राच्या डाव्या अंगाला पत्र्यावर लावलं. "आता पूस काच."

काच पुसली. बटण दाबलं. तात्यांच्या बागेतली पाटी पुन्हा घातली. फळं आता शहाण्यासारखी वेगळी व्हायला लागली. काही एक नंबरात, बरीचशी दोन नंबरात, काही तीन नंबरात. नारळ घातला, तो कशातच न बसता टाकाऊ फळांच्या शेवटच्या टोपलीत गेला. मघाशी चार पाट्या आणायला निघालेला गृहस्थ खुर्चीवर परत येऊन बसला. तात्या स्वतःची फळं दोन नंबरात पडताना बघत राहिले, मग "जेवून घ्या समदे," म्हणाले आणि आत गेले. सही झाली नाही.

परतताना गाडीत प्राचार्य एकच वाक्य बोलले, "सर, दोन मिनिटं मागितली होती मी." सर खिडकीतून ऊस बघत होते. वैशाली माझ्या शेजारी होती, तिच्या ओढणीच्या टोकाला लाल डाग. मी तिला म्हटलं, साबणाने जाईल. ती म्हणाली, "राहू दे, बाई."

पुढचा आठवडा वाईट गेला. कक्ष बंद करायची सूचना तयार झाली. तिचं इंग्रजीही मलाच तपासायला आलं. मी ती शक्य तितक्या सावकाश तपासली. सर मात्र दवाखान्याच्या कपाटात नारळाच्या भकलासाठी जागा करत होते. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, 'मोडलं काहीच नाही. वैशाली.'

आणि मग एका सकाळी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरले तर सगळा वर्ग मागे वळून बघत होता. शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत कोंबून, तात्या बसले होते. शेजारी काकी, मांडीवर पिशवी. मला बघून वर्गाबरोबर तेही उभे राहिले.

"तात्या, तुम्ही बसा ना!"

"सगळे उभं हायेत, बाई. मी कसा बसू?"

मी त्या दिवशी अर्ज कसा लिहावा हे शिकवणार होते. शिकवलं. तात्यांनी सगळा तास ऐकला. शेवटी हात वर केला आणि विचारलं, "बाई, अर्जात 'मला हे येत नाही' असं कुठं लिहायचं?" वर्ग हसला. मी म्हटलं, तशी जागा अर्जात नसते. "असायला पायजे," तात्या म्हणाले. "मला यंत्र विकायला आजवर जेवढे आले, त्यांनी माझा समदा माल एक नंबरच दाखवला. चुकतंय म्हणून सांगणारा ह्यो पहिला गडी. चार दिस लई राग आला. मग ही म्हणाली, तुमचा राग यंत्रावर हाय का तुमच्या डाळिंबांवर?"

काकी पिशवीकडे बघत हसत होत्या.

दुपारी मेसमध्ये सही झाली. शाल नाही, फोटो नाही. डाळीचा एक थेंब करारावर पडला, तो मी टिपला तरी डाग राहिला. प्राचार्यांनी चौकटीत लावायला करार मागितला तेव्हा सर म्हणाले, "लगीन झालं, आता पत्रिका कशाला टांगायची?" प्राचार्यही हसले. ते वाईट नव्हते, त्यांना फक्त वरून विचारणारे फार होते.

सहीआधी काकींनी एकच अट घातली. "पुढच्या यंत्राला कुंकवाची जागा ठेवा. परत्येक येळी मी कुठं शोधत बसू?" सगळे हसले. वैशाली हसली नाही. तिने नव्या यंत्राच्या आराखड्यात डाव्या अंगाला तळहाताएवढी स्टीलची गुळगुळीत पट्टी घातली, कॅमेऱ्यापासून आणि तारांपासून लांब. आराखडा तपासायला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या भागाचं काम काय? तिने उत्तर दिलं. मराठीत दिलं, मग इंग्रजीत. परीक्षकांना दोन्ही कळलं.

सर निवृत्त झाले तेव्हा समारंभाला लोखंडी टोकाचे बूट घालून आले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. घरातल्या घरात, पंख्याचा आवाज का येतो हे शोधायला स्टुलावर चढायची तयारी करत असताना, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं. आम्ही दोघी रडलो आणि मग हसलो.

मनवा, तुझा दुसरा आठवडा सुरू झाला असेल. काय ऐकलंस ते मला सांग. आधी मराठीत.

गेल्या महिन्यात मी इंदापूरला एका लग्नाला गेले होते. वैशालीने वाटेत गाडी पाठवून मला तिच्या वर्कशॉपमध्ये नेलं. आता ती स्वतः यंत्रं बनवते, आणि आमच्या कॉलेजची मुलं तिच्याकडे शेवटचं सत्र काढतात. तात्यांकडचं पहिलं यंत्र केव्हाच भंगारात गेलं. दवाखान्याचं कपाट कॉलेजच्या नव्या इमारतीत आणताना फुटलं आणि आतल्या वस्तू पांगल्या. साखरपुड्यांची भिंत रंगवली. पहिला आठवडा गप्प बसायचा नियम मात्र अजून आहे. मालकाने शेवटच्या बाकावर बसायचा नियमही आहे. आणि वैशालीच्या वर्कशॉपमधून जे यंत्र बाहेर पडतं, ते कुठल्याही गावाला जावो, त्याच्या डाव्या अंगाला ती पट्टी आहे.

तुमची,
आजी